जोडीविना रुंबा

रुंबा हे बॉलरूम स्पर्धांमध्ये मान्यता पावलेल्या पाच लॅटिन नृत्यांपैकी एक असून चा-चा-चा, सांबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह ही उरलेली चार होत. बॉलरूम म्हणजे गुळगुळीत लाकडी जमिनीचे प्रशस्त दालन, जेथे स्त्री-पुरुष जोडीने नाचतात. आणि अशा दालनासाठी ज्यांची पावले, मोजणी व शरीराची ठेवण नियमांनी बांधून दिली गेली, ती बॉलरूम नृत्ये. या पाचांना ‘लॅटिन’ म्हणणे ही बरीचशी सोय आहे, कारण जाइव्ह अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नाचातून आले आणि पासो डोब्ले स्पेनमधील बैलझुंजीच्या संगीतावर उभे राहिले. रुंबाचा जन्म मात्र निःसंशय क्युबाचा. जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हा विषय दूरदेशीचा वाटेल, आणि एका अर्थाने तो आहेही. परंतु रुंबाचा ताल व त्याची वाद्ये खानदेशात सात दशकांहून अधिक काळ लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत आणि ऑर्केस्ट्राच्या मंचावर वाजत आली आहेत. या प्रदेशापर्यंत जी पोहोचली नाही ती रुंबाची जोडी.

क्युबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ मध्ये. ऊस आणि साखरेच्या मळ्यांतून सुटलेले आफ्रिकी वंशाचे मजूर हवाना आणि मातान्सास या बंदरांच्या शहरांत आले, धक्क्यावर हमाली करू लागले आणि एका अंगणाभोवती दाटीवाटीने खोल्या असलेल्या, मुंबईच्या चाळींसारख्या वाड्यांत राहू लागले. रुंबा वाढला तो या अंगणांत. ढोल हाताशी नसले तर खारवलेल्या माशांची आणि मेणबत्त्यांची रिकामी खोकी वाजवली जात, आणि पुढे त्या खोक्यांनाच वाद्याची प्रतिष्ठा मिळाली. या मूळ रुंबाचे तीन प्रकार सांगितले जातात: यांबू हा संथ, काहीसा प्रौढ जोडप्यांचा, ग्वाग्वांको हा वेगवान, ज्यात पुरुष स्त्रीचा पाठलाग करतो आणि ती त्याला हुलकावणी देत राहते, आणि कोलंबिया हा परंपरेने एकट्या पुरुषाने कसब दाखवीत नाचण्याचा. तिन्हींत नाचणारे एकमेकांना धरत नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण बॉलरूमने रुंबा उचलला तेव्हा पहिला बदल केला तो नेमका येथे. क्युबातील प्रतिष्ठित वर्गाने दीर्घकाळ या नाचाकडे नाक मुरडूनच पाहिले. युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले ते २०१६ मध्ये.

रुंबा आणि त्याच्या शेजारची सारी क्युबन संगीतरूपे ज्या सूत्राला बांधलेली असतात त्याला क्लेव्ह म्हणतात. क्लेव्ह म्हणजे हातात धरून एकमेकींवर आपटायच्या दोन आखूड, टणक लाकडी कांड्या आणि त्यांच्यावर वाजणारा पाच ठोक्यांचा आकृतिबंध. सोळा समान मात्रा मोजल्या तर सर्वांत प्रचलित क्लेव्हचे ठोके पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर पडतात. आपल्या तीनतालाच्याही मात्रा सोळाच. त्यात टाळी पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर आणि खाली नवव्या मात्रेवर असते. दोन्ही शेजारी मांडले की केवळ पहिली आणि तेरावी मात्रा जुळते, बाकीचे तीन ठोके टाळीच्या जागा चुकवून अलीकडे-पलीकडे पडतात, आणि कान ज्या क्षणी आघाताची वाट पाहत असतो त्या क्षणी तेथे काहीच नसल्यामुळे शरीर आपोआप पुढे झुकते. रुंबाच्या अंगातील खेच ती हीच. ज्या रुंबाचा उल्लेख वर आला त्याच्या स्वतःच्या क्लेव्हमध्ये तिसरा ठोका सातव्याऐवजी आठव्या मात्रेवर जातो आणि ही खेच आणखी वाढते.

बॉलरूममध्ये शिरलेला रुंबा मात्र थेट या अंगणांतून गेला नाही. क्युबाच्या पूर्व भागात गिटार, ‘त्रेस’ नावाचे तीन जोडतारांचे वाद्य, बोंगो आणि मराकस यांच्या साथीने ‘सोन’ नावाचा गायनप्रकार रुजला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो हवानात आला आणि तेथील वाद्यवृंदांनी त्याला शहरी रूप दिले. २६ एप्रिल १९३० रोजी डॉन अस्पियासू यांच्या हवानाहून आलेल्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात ‘एल मानिसेरो’ हे गीत सादर केले. मोइसेस सिमोन्स यांनी रचलेले हे गीत शेंगदाणे विकणाऱ्या फेरीवाल्याच्या आरोळीवर बेतलेले आहे. त्याच वर्षी अंतोनियो माचिन यांच्या आवाजात त्याची ध्वनिमुद्रिका निघाली, ती अफाट खपली, आणि कंपनीने तबकडीवर त्याची जात छापली ती ‘रुंबा फॉक्स ट्रॉट’. वस्तुतः ते सोनच्या वळणाचे गीत होते; परंतु ग्राहकाला फॉक्स ट्रॉट ठाऊक होता आणि रुंबा हे नाव आकर्षक होते. १९३५ मध्ये जॉर्ज राफ्ट आणि कॅरोल लोम्बार्ड यांचा ‘रुंबा’ नावाचाच चित्रपट आला, तोवर अमेरिकेतील नृत्यशिक्षकांनी या संगीतावर चौकोनात फिरणारी सोपी पावले बसवून ती शिकवायला सुरुवातही केली होती: एक पाऊल बाजूला, दुसरे त्याला जोडून, मग एक पुढे, पुन्हा बाजूला, जोडून आणि मग मागे.

लंडनमध्ये काम करणारे पिएर या नावाने प्रसिद्ध असलेले फ्रेंच नृत्यशिक्षक आणि त्यांच्या जोडीदार डोरिस लॅव्हेल यांना हा चौकोन पटेना. पिएर १९४७ मध्ये हवानाला गेले, तेथे पेपे रिवेरा नावाच्या स्थानिक नर्तकाकडे शिकले, आणि त्यांच्या ध्यानात आले की क्युबन नर्तक पहिल्या मात्रेवर पाऊल टाकतच नाहीत. ते दुसऱ्या मात्रेवर निघतात, तिसरीवर दुसरे पाऊल, चौथीवर तिसरे, आणि पुढची पहिली मात्रा शरीर स्थिरावण्यासाठी मोकळी सोडतात. पाहणाऱ्याला कंबर हलते असे वाटते, पण नवशिक्याने कंबर मुद्दाम हलविली तर ते हास्यास्पद दिसते, कारण ती हालचाल गुडघ्यातून येते: वजन ज्या पायावर जाते त्याचा गुडघा पूर्ण सरळ होतो, दुसरा सैल पडतो, आणि त्याचा परिणाम म्हणून कंबर त्या बाजूला बसते. चौकोनी रुंबा शिकवून पोट भरणाऱ्या इंग्रज शिक्षकांना ही दुरुस्ती मानवली नाही आणि १९५० च्या दशकात यावरून ब्रिटनमधील नृत्यसंस्थांत एवढे कडाक्याचे भांडण झाले की त्याला ‘रुंबा युद्धे’ असे नाव पडले. अखेर पिएर यांची क्युबन पद्धत जिंकली. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तीच चालते, मिनिटाला सुमारे २५ ते २७ आवर्तने, प्रत्येकी चार मात्रांची. वाचकांपैकी कोणी एखाद्या वर्गात रुंबा शिकत असेल आणि शिक्षक ‘दोन, तीन, चार-एक’ असे मोजत असतील, तर त्या मोजणीचे मूळ हे आहे.

मुंबईत ही सारी हवा ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममधून आली. १९०३ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलात १९३५ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन अॅबी यांचा जाझ वाद्यवृंद येऊन दाखल झाला, आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीत त्याच्या खऱ्या वादकांकडून ऐकण्याची संधी शहराला मिळाली. ऐकणारा वर्ग अर्थातच मूठभर होता: युरोपीय अधिकारी, पारशी धनिक, संस्थानिक. वाजवणाऱ्यांत मात्र लवकरच गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने आले, कारण पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला लहानपणीच शिकवले जाई. गोव्याच्या ख्रिस्ती अभिजनांनी एकोणिसाव्या शतकातच मांडो नावाचे स्वतःचे दालननृत्य घडवले होते, ज्यात स्त्रिया व पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहून पंखे आणि रुमाल हलवीत संथपणे नाचतात. तेव्हा बॉलरूम ही कल्पना या वादकांना नवी नव्हती. आल्दोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवीत आणि ताजमध्ये त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबईच्या हॉटेलांतील रात्री कोमेजल्या आणि असे अनेक वादक दिवसा ज्या चित्रपट स्टुडिओंत जोडधंदा म्हणून जात होते तेथेच स्थिरावले. मोरारजी देसाईंच्या दारूबंदीने हिंदी चित्रपटसंगीताचे भले केले असे म्हणणे धाडसाचे होईल, पण ते पुरते खोटेही ठरणार नाही.

खानदेशात बॉलरूमचा वारा लागलेली जागा शोधायची तर ती भुसावळला सापडते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे हे मोठे जंक्शन, आणि येथील रेल्वे वसाहतीत युरोपीय व अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांची कुटुंबे स्वातंत्र्याच्या आगेमागेपर्यंत राहत होती. देशभरच्या अशा वसाहतींत ‘रेल्वे इन्स्टिट्यूट’ हे सार्वजनिक जीवनाचे केंद्र असे. तेथे बिलियर्डचे टेबल, वाचनालय आणि नाताळात व नववर्षाच्या रात्री नाचासाठी मोकळे केले जाणारे दालन असे. परंतु त्या दालनाचे दार तेव्हाच्या पूर्व खानदेशातील सामान्य मराठी माणसासाठी उघडे नव्हते, आणि गोऱ्या व अँग्लो-इंडियन कुटुंबांनी देश सोडला तसा तो नाचही त्यांच्याबरोबर गेला. खानदेशी माणसाकडे रुंबा आला तो या दारातून आला नाही. तो पडद्यावरून आला, आणि आणणारा माणूस गोदाकाठच्या पुणतांब्याचा होता.

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचा जन्म १९१८ चा. मराठी भावगीताची जात आणि हिंदुस्थानी रागदारी दोन्ही पचवलेल्या या संगीतकाराला परक्या तालाचे विलक्षण आकर्षण होते आणि चिक चॉकलेट त्यांच्याकडे सहायक म्हणून काम करीत. ‘समाधी’ या १९५० च्या चित्रपटातील ‘गोरे गोरे’ या गाण्याची वंशावळ पाहिली तर हे आकर्षण कोणकोणत्या वळणांनी भागत होते ते कळते. मूळ चाल जिमी मॅकह्यू या अमेरिकी संगीतकाराची. १९४५ च्या ‘डॉल फेस’ या चित्रपटात ती ब्राझीलची तारका कार्मेन मिरांडा हिने गायिली. लंडनमध्ये एडमंडो रॉस यांच्या रुंबा वाद्यवृंदाने ती वाजवली, आणि हे रॉस स्वतः त्रिनिदादमध्ये जन्मलेले. गाण्याचे बोल पोर्तो रिकोच्या एका नायकाविषयी होते. म्हणजे ज्याला मुंबईचा प्रेक्षक ‘लॅटिन’ म्हणून ऐकत होता त्यात क्युबाचे रक्त पाचव्या-सहाव्या पिढीचे होते. उसनवारीचा हा आरोप सी. रामचंद्रांवर नेहमी होतो. परंतु रुंबाच्या बाबतीत मूळ मालक शोधत गेले की प्रत्येक पायरीवर आणखी एक उसनवार भेटतो, हेही लक्षात घ्यायला हवे.

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, ‘अलबेला’ आला. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव, नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र. ‘शोला जो भडके’ या गाण्यात बोंगोची थाप, ओबो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांचा जो मेळ बसला तो हिंदी चित्रपटात तोवर फारसा ऐकू आला नव्हता. हिंदी चित्रपटसंगीतात बोंगोसारखी लॅटिन तालवाद्ये रुजवण्याचे श्रेय कावस लॉर्ड या पारशी वादकाला दिले जाते. येथपर्यंत हा रुंबाच्या प्रवासातील आणखी एक मुक्काम वाटतो. खरा फेरफार झाला तो भगवान यांच्या अंगात. गिरणी कामगाराचा हा मुलगा दादरच्या चाळीत राहणारा, मारधाडीच्या स्टंटपटांत वाढलेला, देहाने आडवा. बॉलरूमच्या नर्तकाची लांब पावले त्याच्याजवळ नव्हती आणि त्याने ती आणण्याचा खटाटोपही केला नाही. गुडघे किंचित वाकवून, पावले जवळजवळ जागीच घोळवीत, कोपरात दुमडलेले हात आलटून पालटून हलवीत आणि खांदे तालाबरोबर सोडून देत तो नाचला. गीता बाली शेजारी आहेत, नजरानजर आहे, लाडिकपणा आहे. पण जोडीने धरलेला डाव्या-उजव्या हाताचा बॉलरूमी बंध तेथे नाचाचा कणा राहिलेला नाही. दोघे एकाच तालावर आपापले नाचतात.

या एका बदलामुळे रुंबाचा ताल मराठी मुलखात खेडोपाडी जाऊ शकला असे म्हणण्यास हरकत नाही. जोडीच्या नाचाला तीन गोष्टी लागतात: मोकळी गुळगुळीत जमीन, शिकविणारा माणूस, आणि चारचौघांत परपुरुषाचा हात धरून नाचण्यास तयार असलेली, तशी मुभा असलेली स्त्री. खानदेशच्या मध्यमवर्गीय व शेतकरी समाजात १९५० च्या सुमारास यांपैकी तिसरी गोष्ट तर कल्पनेपलीकडची होती. नाचणारी स्त्री म्हणजे तमाशातली, आणि तमाशाची प्रतिष्ठा अशी की स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली आणि नंतर अटी लावून ती उठविली. भगवान यांच्या नाचाला यांपैकी काहीच लागत नव्हते. तो मातीत नाचता येई, गर्दीत नाचता येई, एकट्याला नाचता येई आणि पाहूनच शिकता येई.

याला अपवाद सातपुड्याचा, आणि तो मोठा आहे. शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात आणि पलीकडे धडगाव-अक्कलकुव्यात पावरा व भिल्ल स्त्री-पुरुष होळीत आणि लग्नांत ढोल, पावरी व घुंगरांच्या साथीने एकत्र नाचत आले आहेत, एकमेकांच्या कमरेला हात घालून लांबच लांब रांगा धरीत. स्त्री-पुरुषांनी एकत्र नाचणे ही त्यांच्यासाठी कधीच नवलाई नव्हती. खानदेशच्या पठारावरील समाजाने शेजारच्या डोंगराकडून हे घेतले नाही, आणि हवानाचा ताल मात्र मुंबईमार्गे आनंदाने घेतला. यात सोवळेपणा किती आणि पडद्याची मोहिनी किती, याचा हिशेब समाजशास्त्रज्ञांनी करावा.

तालाचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. यात्रांतील तंबूतल्या सिनेमांनी ही गाणी गावोगाव पोहोचवली. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांना चित्रपटगीते खपत नसत आणि त्यांच्या काळात ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली; श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले, आणि १९५७ मध्ये विविधभारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. एका मराठी मंत्र्याने ज्या संगीताला दार बंद केले त्यात एका मराठी संगीतकाराच्या चाली अग्रभागी होत्या. लग्नाच्या वरातीतील बँडकडे ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन होतेच, म्हणजे ‘अलबेला’च्या सुषिर वाद्यांपैकी बहुतेक, त्यामुळे या चाली बँडवर बसायला वेळ लागला नाही. पुढे तालुक्याच्या गावी गणेशोत्सवात येणाऱ्या ऑर्केस्ट्रांत बोंगो-काँगो वाजवणारा ‘साइड ऱ्हिदम’वाला हा ठरलेला माणूस झाला, आणि १९८० च्या दशकानंतर त्याची जागा ऑक्टोपॅडने घेतली. ऑक्टोपॅड म्हणजे आठ चौकोनी पृष्ठभागांचे विजेवर चालणारे तालवाद्य, ज्याच्या प्रत्येक पृष्ठभागात वेगळा ध्वनी भरता येतो. आज अहिराणी गाण्यांच्या डीजेवर, खालच्या जड ठोक्याच्या वर, एखादा बोंगोचा किंवा मराकसचा तुकडा उमटतो तो अशाच साठवलेल्या ध्वनीतून आलेला असतो.

जोडी परतली ती अलीकडे, तीही दूरचित्रवाणीवरून. ब्रिटनच्या बीबीसीवरील स्पर्धेचा भारतीय अवतार असलेला ‘झलक दिखला जा’ २००६ मध्ये सुरू झाला, आणि रुंबा, सालसा ही नावे पहिल्यांदाच घरोघरी उच्चारली जाऊ लागली. लग्नाच्या आदल्या रात्रीचा ‘संगीत’ हा उत्तरेकडचा प्रघातही मराठी लग्नांत आला आणि जळगाव-धुळ्याच्या मंगल कार्यालयांत वधूवरांचा ‘कपल डान्स’ हा कार्यक्रमाचा भाग झाला. तेथे हात धरले जातात, गिरकी घेतली जाते, वराच्या आधाराने वधू मागे झुकते. बहुधा बॉलरूमच्या या देखाव्याला हिंदी प्रेमगीत लावलेले असते आणि क्लेव्हचा मागमूसही नसतो. दुसऱ्या दिवशी वरात निघते तेव्हा रस्त्यावर तो ताल असतो आणि जोडी नसते. या दोहोंत रुंबाच्या अधिक जवळचे कोण, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर वरातीच्या बाजूने द्यावे लागेल, कारण हवानाच्या अंगणातही लोक एकमेकांना न धरताच नाचत होते.

या इतिहासाचा खानदेशातील भाग अद्याप कागदावर आलेला नाही. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील नाचाच्या रात्रींची छायाचित्रे व निमंत्रणपत्रिका, बँड कंपन्यांच्या जुन्या वादकांनी हाताने लिहिलेल्या स्वरांच्या वह्या आणि गावोगावच्या ऑर्केस्ट्रांचे हस्तपत्रक-फलक ज्या घरांत असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ किंवा जळगावचे विद्यापीठ यांसारख्या संस्थांना एकदा दाखवावेत.